वारा आणि समुद्रप्रवाह वर्गात दाखवण्यासाठी कोणते साहित्य घ्यावे? (खर्चाची मर्यादा १५०० रुपये)

खानापूरचा_मास्तर
मी खानापूर तालुक्यातील एका मराठी शाळेत नववीला भूगोल शिकवतो. वारा समुद्राच्या पृष्ठभागावरचे पाणी कसे वाहून नेतो आणि त्याचा माणसाला काय उपयोग होतो, हे मुलांना डोळ्यांनी पाहता यावे अशी माझी इच्छा आहे, कारण वर्गातील बहुतेक मुलांनी अद्याप समुद्र पाहिलेला नाही. शाळेकडून १५०० रुपये मिळणार आहेत. अनुभवी मंडळींनी कृपया सल्ला द्यावा.

निपाणीकर
मी ४८०० रुपयांना आतून दिवा लागणारा पृथ्वीगोल घेतला आणि त्याचा मला अभिमान आहे. त्यावर उष्ण प्रवाह लाल आणि थंड प्रवाह निळ्या बाणांनी छापलेले असून तो बारा वर्षे टिकला आहे. मास्तरांनी थोडी वर्गणी काढावी, पण घ्यावा तर हाच.

शहापूरचे_निवृत्त_गुरुजी
छापलेले बाण पाहून मुलांना वारा कळत नाही. माझ्या वर्गात मी मोठी परात पाण्याने भरून एका बाजूने पंखा लावत असे आणि तळाशी पोटॅशियम परमँगनेटचे दोन-तीन खडे टाकत असे. पाण्यावर टाकलेला लाकडाचा भुसा वाऱ्याबरोबर पुढे जातो, परंतु तळाच्या खड्यांतून निघणारी जांभळी रेघ उलट, पंख्याच्या दिशेने सरकते, कारण पलीकडच्या काठाशी साचलेले पाणी खालून परत येते. ही रेघ पाहून मुले परातीभोवतीची जागा सोडत नसत. एकदा मात्र विजेचा पंखा पाण्यात पडून एका मुलाला झटका बसला. तो सुखरूप राहिला, तरी मला कित्येक रात्री झोप आली नाही. म्हणून पंखा बॅटरीचाच वापरावा.

टिळकवाडीतून
गुरुजींचा प्रयोग सुंदर आहे, तरी त्यात अर्धेच सत्य दिसते. नॉर्वेचे ध्रुवसंशोधक नान्सेन यांच्या १८९३ ते १८९६ च्या ‘फ्राम’ जहाजाच्या उत्तर ध्रुवाकडील मोहिमेत असे आढळले की समुद्रावरचा बर्फ वाऱ्याच्या दिशेने न जाता तिच्या उजवीकडे वाहतो. त्याचे गणित स्वीडनचे समुद्रशास्त्रज्ञ एकमन यांनी १९०५ मध्ये मांडले. पृथ्वीच्या परिवलनामुळे उत्तर गोलार्धात वाऱ्याने ढकललेल्या वरच्या थराचे एकूण वहन वाऱ्याच्या उजवीकडे, जवळजवळ काटकोनात होते. त्यामुळे परात फिरतीच हवी. आपल्या खानापूरच्या कुंभाराचे चाक त्यासाठी मागून आणावे, पंखा परातीच्याच काठाला बांधावा आणि पाणी परातीबरोबर एकजीव फिरू लागेपर्यंत काही मिनिटे थांबावे.

उद्यमबाग_वर्कशॉप
कुंभाराचे चाक हळूहळू मंदावते आणि पाणी पुढे धावत राहते, त्यामुळे प्रयोग बिघडतो. मी मुलीच्या प्रदर्शनासाठी मोटर आणि बेअरिंग बसवून फिरता पाट तयार केला. खर्च ९००० रुपये आला, पण त्याचा वेग तसूभरही ढळत नाही.

चिक्कोडीचा_वाचक
प्रवाह चंद्रामुळे निर्माण होतात असे आम्हाला शिकवले होते. मग पंखा कशासाठी?

टिळकवाडीतून
चंद्रामुळे भरती-ओहोटी होते आणि तिच्याबरोबर पाणी पुढेमागे वाहते. पण सोमालियाच्या किनाऱ्याजवळचा प्रवाह उन्हाळी मोसमी वाऱ्यात उत्तरेकडे आणि हिवाळ्यात दक्षिणेकडे वाहतो. चंद्र ऋतूनुसार बदलत नाही, वारा बदलतो.

वेंगुर्ल्याहून_मासळी
मी तीस वर्षे वेंगुर्ल्याहून बेळगावात मासळी आणतो. मुलांना उपयोग सांगायचा असेल तर तारली या लहान समुद्री माशाची गोष्ट सांगा. पावसाळ्यात आपल्या पश्चिम किनाऱ्याला समांतर, दक्षिणेकडे वाहणाऱ्या वाऱ्याने वरचे पाणी किनाऱ्यापासून दूर जाते आणि खालचे गार, पोषक पाणी वर येते. केरळ आणि दक्षिण कर्नाटकाकडे हे जास्त होते. त्यावर शेवाळकण वाढतात आणि तारली त्यांवर जगते. हैदराबादचे महासागर माहिती केंद्र उपग्रहांच्या साहाय्याने मासळी सापडण्याची शक्यता असलेली क्षेत्रे कोळ्यांना कळवते आणि भरकटलेली नाव वारा व प्रवाहामुळे कोठे गेली असेल याचा अंदाजही देते. माझ्या भाच्याचे इंजिन बंद पडले तेव्हा आम्ही कोणालाच कळवले नाही आणि दोन दिवस चुकीच्या दिशेने शोधत राहिलो. ही गोष्ट मुलांना अवश्य सांगावी.

निपाणीकर
पुन्हा सांगतो, दिव्याचा पृथ्वीगोल घ्यावा.

खानापूरचा_मास्तर
सर्वांचे मनापासून आभार. मी पृथ्वीगोल घेणार नाही आणि फिरता पाटही करणार नाही. पृथ्वीचे फिरणे फळ्यावर काढून सांगेन. मेहुण्यांकडे माशांची जुनी, लांबट काचेची टाकी पडून होती, ती काल आणली. तीत आधी साधे पाणी भरले आणि मग चिमूटभर मीठ घातलेले गार, निळे पाणी नळीने हळूच तळाशी सोडले. वरचा थर दोन बोटे ठेवून एका टोकाने पुठ्ठ्याने वारा घातला, तेव्हा थोड्या वेळाने माझ्याच बाजूच्या टोकाला निळे पाणी वर चढू लागले. मासळीवाल्या दादांनी सांगितलेले खालचे पाणी मुलांना येथेच दिसेल. शाळेच्या पैशांतून बॅटरीचा पंखा घेतो. टाकीचा एक कोपरा मात्र गळतो. खानापुरात काचेला सिलिकॉन नीट लावून देणारा कोणी माहीत असल्यास कळवावे.