मदत हवी आहे: जुनी ॲल्युमिनियमची मासेमारीची होडी, मॉडेल आणि साल कसं ओळखायचं?

तळ्याकाठची

मंडळी, मिनेसोटात ब्रेनर्डच्या बाजूला आम्ही एक छोटं केबिन घेतलं. केबिनबरोबर शेडमधलं सामानही 'जसं आहे तसं' आमच्या गळ्यात पडलं, आणि त्यात ही होडी निघाली. आधीचे मालक वारले. त्यांच्या मुलांना विचारलं तर "डॅडची होती, खूप जुनी आहे" यापलीकडे काही सांगता येत नाही. कागद एकही नाही.

नवऱ्याला मे महिन्यातल्या ओपनरला, म्हणजे वॉलाय माशाच्या मासेमारीचा हंगाम उघडतो त्या शनिवारी, हीच होडी पाण्यात घालायची आहे. मला आधी ती काय चीज आहे हे कळायला हवंय, कारण नोंदणीच्या अर्जात कंपनी आणि साल भरायचं आहे.

जे दिसतं ते सांगते. लांबी सरळ टेप धरून १४ फूट, सगळ्यात रुंद जागी ४ फूट ८ इंच. पुढून निमुळती, मागे जवळजवळ सपाट तळ. सगळं काम रिव्हेटचं, वेल्डिंग कुठेच सापडलं नाही. तीन आडव्या बैठका, त्यांच्याखाली काहीतरी भरलेलं आहे. बाहेरून कुणीतरी खाकी-हिरवा रंग फासलाय, बहुधा बदकांच्या शिकारीसाठी. मोटर जिथे अडकवतात त्या मागच्या फळीचं लाकूड बोटाने टोकरलं तरी भुगा पडतो.

त्या फळीवर आतून दोन पाट्या आहेत. एकीवर झिजलेलं '…सिटी ऑर्नामेंटल…' आणि खाली 'मिनिआपोलिस' एवढंच लागतं. दुसरीवर ओबीसी अशी अक्षरं, वजन आणि हॉर्सपॉवरचे रकाने. (वाद नको! हे ओबीसी म्हणजे आउटबोर्ड बोटिंग क्लब.) नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, एमएनने (मिनेसोटा) सुरू होणारा नोंदणीचा नंबर पुसट दिसतो. सोबत जॉन्सनची मोटर आहे, तिच्या मॉडेल नंबरच्या शेवटी सीआरएस आहे. मोटरवरून होडीचं साल काढता येईल का?

बर्फातला_बाबू

मोटरवरून होडीचं वय काढायच्या फंदात पडू नका. इथे लोक होडी एक, मोटर तिसरी आणि ट्रेलर पाचव्याचा असं वर्षानुवर्षं चालवतात. तुमच्या मोटरचं साल मात्र लगेच सांगतो. जॉन्सन आणि एव्हिनरूड या दोन्ही मोटरी एकाच कंपनीच्या, आणि १९८० पासून त्यांनी साल लपवायला INTRODUCES हा शब्द वापरला. देवनागरीत मांडायचं तर आय १, एन २, टी ३, आर ४, ओ ५, डी ६, यू ७, सी ८, ई ९ आणि एस शून्य. मॉडेल नंबरातलं शेवटचं अक्षर सोडायचं, त्याआधीची दोन बघायची. तुमचं सी आणि आर, म्हणजे ८ आणि ४. मोटर १९८४ ची. होडी तिच्याहून बरीच म्हातारी दिसते.

जुनापुराणा

ताई, पहिली पाटी वाचून खुर्चीत सरसावून बसलो. ते 'फ्लाउर सिटी ऑर्नामेंटल आयर्न' असणार. मिनिआपोलिसची ही कंपनी मुळात इमारतींचं शोभेचं धातुकाम करायची. दुसरं महायुद्ध संपल्यावर १९४६ मध्ये तिने ॲल्युमिनियमच्या होड्या काढल्या, नाव अल्युमाक्राफ्ट. पुढे कारखाना मिनेसोटातच सेंट पीटरला गेला. म्हणून पाटीवर मिनिआपोलिस असणं ही तुमच्यासाठी फार कामाची गोष्ट आहे: होडी स्थलांतराच्या आधीची.

त्या काळात असं बऱ्याच ठिकाणी झालं. युद्धात विमानांसाठी ॲल्युमिनियमचे पत्रे वाकवायला आणि रिव्हेट ठोकायला माणसं तयार झाली होती, युद्ध संपल्यावर तोच हात होड्यांकडे वळला. ग्रमन ही तर लढाऊ विमानं बनवणारी कंपनी, तिने कनू, म्हणजे वल्ह्याच्या निमुळत्या होड्या, काढल्या. विस्कॉन्सिनमधल्या मॅनिटोवॉकची मिरो कंपनी स्वयंपाकाची भांडी करायची, तिच्या होड्या मिरोक्राफ्ट. मिनेसोटात तर पीकच आलं. लिटल फॉल्सची क्रेस्टलायनर १९४६ ची, न्यूयॉर्क मिल्स या गावातली लुंड १९४८ ची. त्यामुळे तुमच्या भागात शेडमध्ये अशी होडी निघणं यात नवल काही नाही, पाटी शिल्लक राहिली याचं आहे. रंगकाम करणारे ती बहुतेक वेळा काढून फेकतात.

आता साल. मागच्या फळीच्या बाहेरच्या अंगाला, उजव्या बाजूला वरच्या कोपऱ्यात १२ अक्षरांचा नंबर आहे का बघा. उजवी बाजू होडीत पुढे तोंड करून बसल्यावरची. हा एचआयएन, म्हणजे होडीचा ओळख क्रमांक, १ नोव्हेंबर १९७२ नंतर बनलेल्या होड्यांना सक्तीचा. रंगाच्या थराखाली दबलेला असू शकतो, त्यामुळे नुसतं बघू नका, बोट फिरवा. पाटी उडाली असेल तर रिव्हेटची भोकं तरी राहतात.

तळ्याकाठची

बोट फिरवलं, रंग थोडा ओल्या फडक्याने घासलाही. नंबर नाही, भोकंही नाहीत. पण समजा असता, तर तो वाचायचा कसा? शेजाऱ्यांकडेही एक जुनी आहे आणि आता त्यांनाही उत्सुकता लागलीय.

बर्फातला_बाबू

पहिली तीन अक्षरं कंपनीची, मधली पाच त्या होडीचा क्रमांक, शेवटची चार तारखेची. १९८४ पर्यंत तारीख दोन प्रकारे लिहीत. साधा प्रकार: ०६७५ म्हणजे जून १९७५. दुसरा एम अक्षराने सुरू होतो आणि लोकांना गंडवतो, कारण त्यात वर्ष ऑगस्टपासून मोजतात. एम७५सी असेल तर मॉडेल १९७५ चं, पण सी म्हणजे ऑगस्टपासून तिसरा महिना, म्हणजे होडी बनली ऑक्टोबर १९७४ मध्ये. ऑगस्ट १९८४ पासून पद्धत बदलली, आता ए म्हणजे सरळ जानेवारी. शेजाऱ्यांची शेवटची चार अक्षरं इथे टाका, पाहून सांगतो. पूर्ण नंबर टाकू नका.

जुनापुराणा

नंबर नाही आणि भोकंही नाहीत, म्हणजे १९७२ च्या अलीकडची असण्याची शक्यता जवळपास संपली. ओबीसीची पाटीही तेच सांगते. हा क्लब बीआयए या होडी-उद्योगाच्या संघटनेच्या आधीचा, आणि १९७९ मध्ये बीआयए विलीन होऊन एनएमएमए ही नवी संघटना झाली. जुन्या होड्यांवर पाटी कोणाची आहे यावरून ढोबळ काळ लागतो तो असा. पन्नासचं दशक किंवा साठच्या दशकाची सुरुवात, एवढं मी छातीठोक म्हणेन. त्याहून बारीक सांगायला जुने कॅटलॉगच लागतील.

फायबरग्लासिक्स नावाची साईट आहे. नावावर जाऊ नका, तिथे ॲल्युमिनियमच्या होड्यांचेही जुने कॅटलॉग स्कॅन करून ठेवलेत. अल्युमाक्राफ्टचे मिळतील तेवढे उघडा आणि जुळवा. पण चित्र बघून 'हीच ती' म्हणू नका, त्या काळची चित्रं हाताने काढलेली आणि कंपनीच्या सोयीची असत. मापं जुळवा: लांबी, रुंदी, बैठका किती आणि त्यांच्यातलं अंतर, आतल्या आडव्या पट्ट्या किती, तळाला बाहेरून कणे (लांबीने जाणारे उंचवटे) किती, आणि मागच्या फळीची उंची मोटर बसते त्या जागेपासून खालपर्यंत. बहुतेक १५ इंचांच्या आसपास भरेल. १४ फुटी होड्या एकाच कंपनीच्या एकाच वर्षी दोन-तीन निघायच्या. तिथे ही बारीक मापंच उपयोगी पडतात.

खाडीवाला

मालवणहून वाचतोय. आमच्याकडे लाकडी गेल्या नि फायबरच्या आल्या, ॲल्युमिनियमची होडी मी प्रत्यक्ष पाहिलेली नाही. गोड्या पाण्यात साठ वर्षं टिकली हे पटतं. पण ताई, फळीचं लाकूड बदलताना एक गोष्ट सांभाळा. दुकानात वाळवी-बुरशी लागू नये म्हणून औषध मारलेलं जे हिरवट प्लाय मिळतं, त्यात तांबं असतं. तांबं, ॲल्युमिनियम आणि ओल एकत्र आली की ॲल्युमिनियम खाल्लं जातं, पत्र्याला भोकं पडतात. साधं मरीन प्लाय घ्या आणि सगळ्या कडांना, बोल्टच्या भोकांच्या आतही, इपॉक्सी पाजा. तळाला रंग द्यायचा झाला तर तांब्याचा रंगही नको.

बर्फातला_बाबू

खाडीवाल्यांना पूर्ण अनुमोदन. आणखी एक: ओपनरच्या आधी होडी ट्रेलरवर ठेवून आत पाईपने थोडंसं पाणी सोडा, काठोकाठ नको, वजनाने ट्रेलर बसेल. बाहेरून कुठला रिव्हेट ठिबकतो तिथे खडूने खूण करा. जुन्या रिव्हेटना आतून-बाहेरून दोघांनी मिळून पुन्हा ठोकून घट्ट करता येतं. पॉप रिव्हेट (एकाच बाजूने बसवायचे पोकळ रिव्हेट) मारून मोकळे होऊ नका. बैठकांखालचा फोमही तपासा, पाणी पिऊन जड झाला असेल तर तो तरंगवणार कसला?

कागदांचं: मिनेसोटात टायटल, म्हणजे मालकीचं प्रमाणपत्र, १६ फुटांहून लांब होड्यांना लागतं, तुमची त्यात बसत नाही. नोंदणी हवीच. वारसांकडून सहीचं विक्रीपत्र आत्ताच घ्या, पुढे ते कुठे सापडायचे? आणि नाळेवरचा एमएन नंबर डीएनआरला (होड्यांची नोंद ठेवणारा राज्याचा नैसर्गिक संसाधन विभाग) कळवा. नोंदीत साल असेल, फक्त ते कुणीतरी अंदाजाने लिहिलेलं असू शकतं हे धरून चाला.

तळ्याकाठची

सगळ्यांचे आभार! विक्रीपत्रासाठी मेल केली. आतल्या पट्ट्या आणि कण्यांची मापं शनिवारी घेऊन टाकते.

एक अडलंय. ओबीसीच्या पाटीवर हॉर्सपॉवरचा आकडा ८ आहे की १८ ते लागत नाही, आणि जॉन्सन १५ ची आहे. किती माणसं बसवायची तेही पुसलंय.

जुनापुराणा

माणसांसाठी कोस्ट गार्डचं ढोबळ सूत्र: लांबी गुणिले रुंदी, भागिले १५, दोन्ही फुटांत. तुमचं साधारण ४.४ येतं, म्हणजे चार, तेही हवा शांत असताना.

आकड्यासाठी पाटी घासू नका. वर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी फिरवा, ठसा उमटतो. नाहीतर अंधारात टॉर्च अगदी बाजूने मारून फोटो काढा. तोपर्यंत ती १५ ची मोटर शेडमध्येच राहू दे, नवऱ्याला वल्ही द्या.