पक्षांची डिजिटल तिजोरी आणि झेरॉक्सचे दुकान

जुना बूथप्रमुख :
‘पक्षांकडे पैसा अमाप, तेव्हा त्यांची यंत्रणा सुरक्षितच असणार,’ हे काल इथे वाचले आणि राहवले नाही. 5 मार्च 2019 रोजी भाजपचे संकेतस्थळ हॅक झाले आणि ऐन लोकसभेच्या तोंडावर दोन आठवड्यांहून अधिक काळ बंद राहिले. 2016 च्या अखेरीस राहुल गांधी आणि काँग्रेस यांची ट्विटर खाती पाठोपाठ हॅक झाली. पैसा सभा, जाहिराती आणि रील्सवर जातो; कुलपाचा फोटो कोण टाकणार?

सातरस्ता :
पैशाचा संबंधच नाही. 2016 मध्ये हिलरी क्लिंटन यांच्या प्रचारप्रमुखांचे, जॉन पोडेस्टा यांचे, ईमेल खाते एका फसव्या मेलमुळे उघडे पडले. तिथे काय निधी कमी होता? दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खातरजमा, फुकट मिळते. लावण्याचा कंटाळा असतो.

नवी पेठ :
आपण दोघेही दिल्ली-अमेरिकेत रमला आहात. मागच्या निवडणुकीत मी इथे सोलापुरात झेरॉक्सच्या दुकानात आधारकार्डाची प्रत काढायला गेलो, तर संगणकाच्या पडद्यावर आमच्या वॉर्डाची एक्सेल यादी उघडीच होती. नाव, मोबाइल, त्यापुढे म, ते, क, उ, म्हणजे घरातली भाषा (मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू), आणि शेवटी ‘आपला’, ‘विरोधी’ किंवा ‘काठावर’. माझ्या आईपुढे ‘ते, काठावर’ लिहिले होते. तिने नंबर कोणाला दिला होता?

जुना बूथप्रमुख :
शहराच्या पूर्वभागात तेलुगू पत्रक न्यायचे की मराठी, हे ठरवायला भाषा नोंदवावीच लागते. त्यात गैर काय?

नवी पेठ :
पत्रकासाठी भाषा पुरे, ‘काठावर’ कशासाठी? ही यादी आपणच करत होता, हे मान्य करा!

जुना बूथप्रमुख :
आवाज चढवू नका. होय, करत होतो, आणि रात्री अकराला व्हॉट्सॲपवर पन्नास जणांना पाठवतही होतो, कारण वरून दुसरी सोय कोणी दिलीच नव्हती.

सातरस्ता :
म्हणजे चोराची गरजच नव्हती. यादी आपणच वाटत होता. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेची हयगय केल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, याची तरी कल्पना असू द्या.

जुना बूथप्रमुख :
दंडाचा आकडा ऐकून तरी पक्ष कुलूप घेतील, म्हणजे शेवटी पैशाचाच प्रश्न निघाला. बाकी आपला कंटाळ्याचा मुद्दा मान्य. माझ्या जुन्या फोनमध्ये ती यादी अजून आहे.

नवी पेठ :
मग आधी ती पुसा. आईचा नंबर मी सांगणार नाही, आपल्याकडे आहेच.