'उतारा' दवाखान्याच्या फॉर्मवर चालेल का?

सायली_भा:
रुग्णालयात दाखल होणाऱ्यांना पिण्याबद्दल विचारायची जागतिक आरोग्य संघटनेची १० प्रश्नांची प्रश्नावली मराठीत आणतेय. सहावा प्रश्न असा: आदल्या दिवशी भरपूर झाल्यावर सकाळी अंग चालू व्हायला आधी थोडी घ्यावी लागते, असं वर्षभरात किती वेळा झालं? मी 'सकाळी उतारा घ्यावा लागला' असं लिहिलं. तपासणाऱ्या सरांनी खोडून 'प्रातःकालीन मद्यसेवनाची आवश्यकता' केलं. म्हणे उतारा सातबाऱ्याचा असतो नाहीतर पुस्तकातला. तुमच्याकडे काय म्हणतात?

चौकस:
उतारा म्हणजे जो उतरवतो तो. विषावरचा उतारा, दृष्ट उतरवून तिकाटण्यावर ठेवलेला नारळ-भात, तशीच चढलेली उतरवायला घेतलेली. सातबाऱ्याचा उताराही उतरवूनच घेतात. एकाच घरातली भावंडं आहेत, सरांना काय अडलं?

गो. वि.:
गुत्त्यावरचा शब्द सरकारी कागदावर येऊ नये, हे अडलं. मद्यपी, मद्यपाश हे शब्द रुळले ना? त्याच वळणाने 'मद्योत्तार' करावा.

रातपाळी:
काका, 'मद्योत्तार' माझ्या पेशंटला कळणार नाही. मी हाडांच्या वॉर्डात सिस्टर आहे. गाडीवरून पडून मांडी मोडलेला माणूस येतो. सासरे शेजारी उभे, म्हणून बायको 'कधीमधी घेतात' एवढंच सांगते. दुसऱ्या-तिसऱ्या रात्री त्याचे हात थरथरायला लागतात, घामाने कपडे भिजतात, चादरीवर नसलेल्या मुंग्या वेचत बसतो, सलाइन उपसून काढतो. रोजची दारू एकदम तुटली की असं होतं, जिवावरही बेततं. घरचे म्हणतात बाहेरचं झालंय, आणि खाटेभोवती लिंबू ओवाळून उतारा काढतात! तोच माणूस ॲडमिट होताना 'सकाळी उतारा लागतो का हो?' विचारलं की पटकन सांगतो, 'नव्वद लागते.' मग पहिल्या दिवसापासून औषधं लावता येतात. बायांना तर हे कुणी विचारतच नाही. त्यांतल्याही काही घेतात, त्यांनाही थरथर सुटते.

नदीकाठ:
लोक लपवतात ते शब्दामुळे नाही. आरोग्यविम्यातून व्यसनाचे उपचार वगळलेले असतात. केसपेपरवर दारूचं नाव आलं तर मोडलेल्या हाडाचाही दावा अडकेल, या धास्तीने घरचे गप्प बसतात. रोजंदारीवाल्याला वेगळी भीती, मुकादमाला कळलं तर काम जाईल. शब्द कितीही सोपा करा, ही भीती आहे तोवर उत्तर खोटंच येणार.

रातपाळी:
भीती असतेच, पण शब्दानेही खूप फरक पडतो. दुसराच प्रश्न बघा, पिता त्या दिवशी किती 'ड्रिंक' होतात? तिथे एक ड्रिंक म्हणजे १० ग्रॅम मद्यार्क. आमचा पेशंट म्हणतो 'एकच', म्हणजे एक पव्वा. देशीचा १८० मिलीचा पव्वा ४२.८ टक्क्यांचा, त्यात साधारण ६० ग्रॅम. सहा ड्रिंकचा माणूस कागदावर एकाचा होतो आणि त्याला शून्य गुण पडतात. सायलीताई, तिथे पव्वा, नाइंटी, खंबा असंच लिहा.

गो. वि.:
उद्या 'टुल्ल' आणि 'तर्र'सुद्धा लिहाल!

चौकस:
लिहावं की, रुग्ण तेच बोलतो. आणि ज्या 'दारू'ला आपण नाक मुरडतो ती फारसीत औषध. 'दवादारू' उगाच नाही म्हणत.

गो. वि.:
म्हणूनच म्हणतो, परभाषेतले टाळा. तुमचं 'दाखल'सुद्धा अरबी. 'प्रविष्ट' लिहावं.

वऱ्हाडी_पाऊल:
आमच्याकडे कोणी दाखलही होत नाही अन् प्रविष्टही. 'भावाला भरती केलं' असंच म्हणतो आम्ही.

गो. वि.:
भरती पोलिसांची किंवा समुद्राची. हे हिंदीचं वारं.

वऱ्हाडी_पाऊल:
माझी आजी हिंदी बोलत नव्हती जी. तिच्या तोंडी भरतीच होतं.

सायली_भा:
सहाव्या प्रश्नाचं सांगा ना, परवा द्यायचंय. 'उतारा' ठेवून पुढे 'सकाळची पहिली' असं जोडलं तर?

नदीकाठ:
'सकाळची पहिली' म्हटलं तर लोक चहा समजतील.

चौकस:
वऱ्हाडी, सुट्टी मिळण्याला तुमच्याकडे काय म्हणतात? आमच्या साताऱ्यात 'डिचार्ज दिला'.