शमुवेल म्हणजे 'मागून घेतलेला' की 'देवाचं नाव'? बारशाआधी सांगा

सोलापूरची आत्या
रविवारी भाच्याचं बारसं. नाव मी ठेवणार. वहिनीने बारा वर्षं वाट पाहिली, बायबलमधल्या शमुवेलच्या आईसारखी, हन्नेसारखीच रडून प्रार्थना केली, म्हणून शमुवेल ठरवलं. बायबलमध्ये १ शमुवेल १:२० ला हन्ना म्हणतेच ना, मी याला परमेश्वराजवळ मागितलं? दुपट्यावर नाव भरायलाही टाकलंय. पण काल चुलतभाऊ म्हणाला, 'मागणं' हा अर्थ शमुवेल नावात बसतच नाही, तो इस्राएलचा पहिला राजा शौल याच्या नावात आहे. तेव्हापासून जिवाला चैन नाही. खरं काय?

हिब्रू शिकणारा
ताई, भावाचं व्याकरण बरोबर आहे. हिब्रूत 'शाअल' म्हणजे मागणं, त्यावरून शाऊल, आपला शौल. श्मूएलमध्ये, म्हणजे शमुवेलच्या हिब्रू रूपात, 'शेम' म्हणजे नाव आणि 'एल' म्हणजे देव दिसतात, म्हणून 'देवाचं नाव'. 'देव ऐकतो' हा अर्थ तर इश्माएलचा (उत्पत्ती १६:११).

पण तेवढ्याने हन्ना चुकली असं होत नाही. त्या अध्यायात १७, २०, २७, २८ या वचनांत 'शाअल' पुन्हापुन्हा येतो. २८ मध्ये तर अक्षरशः 'शाऊल' हाच शब्द आहे. तिथे आई धातू शोधत नाही, नावाच्या आवाजात आपली कहाणी ऐकते. मोशेचंही तसंच. निर्गम २:१० मध्ये मिसरची (इजिप्तची) राजकन्या 'पाण्यातून काढला' म्हणून 'माशा' धातूशी नाव जोडते. अभ्यासक ते मिसरी 'मेस', म्हणजे मूल, याच्याशी जोडतात, थुतमोस या फारोच्या नावातल्यासारखं. मला दोन्ही अर्थ जपावेसे वाटतात. फक्त 'शमुवेल म्हणजे मागितलेला' असं छापू नका, 'मागून मिळालेला शमुवेल' म्हणा.

अलिबागकर
आम्ही बेने इस्राएली, कोकणातले मराठी ज्यू. आमच्याकडे शमुवेलचा समाजी झाला आणि यहेज्केलचा हसाजी. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनामंदिर, १७९६ साली बांधणारे सॅम्युएल एझेकिएल दिवेकर म्हणजेच समाजी हसाजी. नाव मराठी तोंडात रुळलं, तरी घरात प्रार्थनेला श्मूएलच म्हणतात. बाळाला आशीर्वाद.

सोलापूरची आत्या
वहिनीला सगळं वाचून दाखवलं. २८ मधला 'शाऊल' ऐकून तिचे डोळे भरले. दुपट्यावर शमुवेलच राहील. कानात कुर्र करताना एकदा श्मूएल म्हणेन, आणि १:२७ वहिनी स्वतः वाचणार आहे: या मुलासाठीच मी प्रार्थना केली होती.