लसीनंतर पाऊल लुळं, साडेचार लाखांची तडजोड: घ्यावी का?

सीताबर्डीकर: भाच्याला दीड वर्षाचा बूस्टर इथल्याच एका खासगी दवाखान्यात कुल्ल्यावर टोचला. त्या रात्रीपासून डावं पाऊल लटकतं. आता तो ४ वर्षांचा आहे. डाव्या बुटाची चोच महिन्याभरात घासून भोक पडतं. दिवाणी दावा सुरू आहे. समोरचे साडेचार लाख देतो म्हणतात, पण ‘चूक मान्य नाही’ असं लिहून. माझं मत, घेऊ नये. पैसे घेतले की प्रकरण दाबलंच.

तर्रीवाला: काऊन नाही घ्यायचे भाऊ? पोट्ट्याला फिजिओथेरपी आज लागते. आमचा धुऱ्याचा (शेताच्या बांधाचा) दावा १४ वर्षं चालला, बाबा गेले तरी तारखा चालूच. अन् ‘चूक मान्य नाही’ हे तर तडजोडीत असतेच. अमेरिकेत लसीनं इजा झाली तर भरपाई द्यायला १९८८ पासून सरकारी निधी आहे, लसीच्या डोसवर ती टाळते त्या प्रत्येक रोगामागे ७५ सेंट कर लावून भरलेला. तिथंही कितीतरी दावे लसीनं झालं का हे न ठरवताच मिटतात. आपल्याकडे तसा निधीच नाही.

बालरोगवाला: आधी एक सांगा, दावा लसीवर की टोचण्यावर? बाळांना हा डोस मांडीच्या पुढून, बाहेरच्या बाजूला देतात, कारण कुल्ल्यातून पायाची मोठी नस जाते. सुई तिथं लागली तर पाऊल लटकू शकतं, औषध कोणतंही असो. ‘लसीनं पाय गेला’ म्हणत फिराल तर शेजारची आई डोस चुकवेल.

सीताबर्डीकर: मान्य. दावा टोचण्यावरच आहे.

काळाकोट: मूल कायद्याच्या भाषेत ‘अज्ञान’, म्हणजे अल्पवयीन आहे, त्यामुळे आईबापाच्या नुसत्या सहीनं मिटत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३२, नियम ७ प्रमाणे कोर्टाची परवानगी लागते. लोकअदालतीत मिटवलं तर कोर्ट फी परत मिळते, पण अपील नाही. म्हणून आकडा आधी नीट मांडा. पाय वाढेल तसा पायाचा पट्टा बदलावा लागतो, पुढे शस्त्रक्रियाही लागू शकते. साडेचार लाखांत हे सगळं बसतं का?

तर्रीवाला: मंग आकडा वाढवून मागा न जी. नाही कोण म्हणते!

सीताबर्डीकर: ताईचं वेगळंच चाललंय. ती म्हणते, चूक मान्य नाही लिहा, पैसेही एवढेच द्या, फक्त ‘यापुढे बाळांना कुल्ल्यावर टोचणार नाही’ ही एक ओळ घाला. वकिलांनी विचारून पाहिलं. समोरचे पाच लाखांवर आले, ओळ घालायला तयार नाहीत.