सोसायटी ग्रुप: तायची शिकायचंय, कुठली स्टाईल धरू?

बी-३०४ (काका): नमस्कार मंडळी. एक विचारायचं होतं. डॉक्टर म्हणाले तोल सांभाळायला तायची, ती संथ चिनी युद्धकला, चांगली, करून बघा. यूट्यूब लावलं तर चेन, यांग, वू, सुन, शिवाय बाग्वा म्हणून एक आणि शिंग-यी म्हणून एक, आणि जो तो म्हणतो आमचंच मूळ आणि आमचंच खरं. नातू अकरावीत आहे तो म्हणतो आजोबा मीपण येतो पण मला मारामारीचं पाहिजे. माझा उजवा गुडघा जिने उतरताना दुखतो. आपल्यात कुणी शिकलंय का?

ए-५०१: काका, कोल्हापूरचा मर्दानी खेळ आहे आपला, लाठी आहे, दांडपट्टा आहे, ते सोडून चीनचं कशाला?

बी-३०४ (काका): अहो गुडघा दुखतो म्हटलं ना, दांडपट्टा कुठे फिरवू. नातवाला विचारतो.

सी-७०२ (ताई): काका मी यांग स्टाईल करते, बरीच वर्षं झाली. जरा लांबेल पण नीट सांगते. तायची, बाग्वा, शिंग-यी तिन्ही एका घरातली धरतात कारण तिन्हीत दंडाचा जोर लावायचा नसतो, पायाने जमीन दाबायची, कंबर वळवायची आणि तो जोर पाठीतून हातापर्यंत येऊ द्यायचा, मधे कुठे खांदा आखडला की तिथेच अडकतो. हे अंगात यायला वेळ लागतो म्हणून हळू करतात. फरक आहे तो चालण्यात. शिंग-यी सरळ रेषेत पुढे घुसतं, पाच मूळ हात आहेत तेच घोटायचे, पण त्याआधी वजन मागच्या पायावर ठेवून नुसतं उभं राहायला लावतात आणि त्यात मांड्या थरथरतात. बाग्वा वर्तुळावर चालत करतात, दर काही पावलांनी वळायचं, पाय आत वळवायचा, पीळ खूप. तुमचा गुडघा बघता ही दोन्ही सुरुवातीला नकोत असं माझं स्पष्ट मत आहे.

बी-३०४ (काका): म्हणजे तायची. पण त्यातली कुठली?

सी-७०२ (ताई): चेन सगळ्यात जुनी, हेनान प्रांतातल्या चेनच्यागोउ गावची. त्यात खाली बसणं आहे, मधेच झटका आहे, पाय आपटणं आहे, उड्यापण आहेत. एकोणिसाव्या शतकात यांग लूछान त्या गावात शिकला आणि पुढे पेकिंगमध्ये, म्हणजे आजच्या बीजिंगमध्ये, जाऊन शिकवायला लागला, आज यांग म्हणून जे संथ, मोठ्या हातांचं दिसतं ते बरंचसं त्याचा नातू यांग छंगफूने बसवलेलं. बागेत लोक करताना दिसतात ना ते बहुधा चोवीस मुद्रांचं, १९५६ मध्ये चीनच्या क्रीडा खात्याने यांगमधूनच छोटं करून घेतलेलं, पाच-सहा मिनिटांत होतं. सुन स्टाईल सुन लूतांगची, तो शिंग-यी आणि बाग्वामध्ये मुरलेला माणूस, तायची त्याने मागाहून घेतलं. त्यात बसणं उंच आणि पावलं आखूड, एक पाय पुढे गेला की दुसरा मागोमाग येतो त्यामुळे लांब फाकून ताण येत नाही. संधिवातवाल्यांसाठी ऑस्ट्रेलियातून जो तायचीचा कार्यक्रम निघाला तो सुनवरच बेतलाय. सुन शिकवणारं जवळ कुणी मिळालं तर तुमच्यासाठी उत्तमच, पण आपल्या भागात बहुतेक यांगच मिळेल आणि तेही चालेल, फक्त उंच उभं राहून करा.

डी-१०३ (फिजिओ): मी यात थोडी भर घालते. गुडघ्याच्या झिजेवर अमेरिकेत २०४ लोकांना घेऊन अभ्यास झाला होता, २०१६ मध्ये छापून आला. निम्म्यांना तायची, निम्म्यांना फिजिओथेरपी, बारा आठवड्यांनी दुखणं दोन्हीकडे जवळपास सारखंच कमी झालं होतं. २०१२ चा पार्किन्सनवाल्यांवरचा पण आहे, त्यात नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा तायचीवाल्यांचा तोल सुधारला आणि पडणं कमी झालं. मी स्वतः पेशंटना सांगते. पण काका गुडघ्याला सूज असेल तर आधी दाखवून घ्या, आणि कुठलीही गोळी मनाने बंद करू नका.

ई-२०४: माझा अनुभव वेगळा आहे. मी एका क्लासला जात होतो, नाव घेत नाही. पहिल्याच आठवड्यात सर खाली बसायला लावायचे, गुडघा दुखतो म्हटलं तर म्हणायचे दुखतंय म्हणजे शिकताय. महिनाभरात जिना चढता येईना. म्हणून मला वाटतं हे वयस्कर लोकांसाठी नाहीच.

सी-७०२ (ताई): दादा तुमच्यासोबत जे झालं ते चुकीचंच झालं आणि वाईट वाटतं वाचून. पण ते शिकवणाऱ्याचं चुकलं. मांड्या भरून आल्या तर ठीक आहे, गुडघ्यात दुखायला नकोच, दुखलं की उंच व्हायचं, यात चर्चाच नाही. काका, म्हणून मी म्हणते स्टाईलपेक्षा माणूस बघा. फी भरायच्या आधी एक तास नुसते कडेला बसा आणि सरांचे हात बघू नका, पाय बघा. पुढचा पाय ठेवताना टाच आधी रिकामी टेकते का, म्हणजे वाटलं तर उचलून परत मागे घेता यावी अशी, आणि मग वजन सावकाश त्यावर येतं का. जुन्या लिखाणात मांजरासारखं चाला म्हटलंय ते हेच. पाऊल वळवायचं असेल तेव्हा आधी त्या पायावरचं वजन काढतात का ते तर बघाच, कारण वजन वर असताना पाऊल वळवलं की सगळा पीळ गुडघ्यात जातो, निम्मी गुडघेदुखी तिथून सुरू होते असं मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि वाकलेला गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेलाच राहतो का, की आत पडतो. शेवटी जे विद्यार्थी जुने आहेत त्यांचे गुडघे कसे आहेत ते त्यांनाच विचारा, लोक खरं सांगतात.

बी-३०४ (काका): हे कुणी सांगितलंच नव्हतं. बरं आणि यूट्यूबवरून शिकलो तर?

सी-७०२ (ताई): क्रम पाठ होईल काका, पण खांदा वर चढलाय, कंबर मोडलीय हे स्वतःला दिसत नाही, कुणीतरी पाठीवर हात ठेवून सांगावं लागतं. घरी सराव करताना लावा.

एफ-६०१: आणि ते मास्टर लोक हात न लावता समोरच्याला उडवतात ते? ‘ची’ म्हणजे अंगातली ऊर्जा वगैरे?

सी-७०२ (ताई): त्यापासून लांब राहा असं मी मनापासून सांगते. ते विद्यार्थी स्वतःच उडतात. २०१७ मध्ये छंगतूला एका एमएमए (मिक्स्ड मार्शल आर्ट्स, सगळ्या प्रकारची मिश्र मारामारी) फायटरने तायचीवाल्या मास्टरला काही सेकंदांत खाली घेतलं होतं, व्हिडिओ सगळीकडे फिरला. मला त्यात तायचीचा अपमान वाटत नाही, ज्याला कुणी कधी खरा विरोध केलेला नाही त्याला लढता येणार नाही एवढं सरळ आहे ते. म्हणून नातवाचं वेगळं बघू. क्लासमध्ये पुश हँड्स होतं का विचारा, दोघं मनगटाला मनगट लावून एकमेकांचा तोल काढतात ते. आणि त्यात सरांनापण विद्यार्थी ढकलून बघू शकतात का. असं असेल तर चेन किंवा शिंग-यी त्याच्या वयाला छान, घाम काढतात. नसेल तर त्याला सरळ ज्युडोला घाला, दोन वर्षांनी हवं तर तायचीकडे येईल आणि तेव्हा त्याला ते जास्त कळेल.

ए-५०१: आणि मर्दानी खेळ?

सी-७०२ (ताई): तोपण, का नाही. शिकवणारं चांगलं मिळालं तर नक्की घाला.

बी-३०४ (काका): ठरलं. शनिवारी सकाळी नदीपलीकडच्या बागेत एक यांगचा क्लास असतो, नातवाला घेऊन बघायला जातो. आधी नुसतं बघणार, फी नंतर. ई-२०४ तुम्हीपण चला, करायचं नाही, फक्त बसायचं.

ई-२०४: येतो. पण त्या सरांना मी पायांचं विचारणार.

सी-७०२ (ताई): जरूर विचारा, चांगला माणूस चिडणार नाही. काका जाड सोलचे रनिंग शूज नकोत, चपट्या तळाचे कॅनव्हासचे घाला, बघता बघता करावंसं वाटलं तर जमीन लागली पाहिजे पायाला. आणि पुश हँड्स असेल तर नातवाला एकदा तरी त्यात उभं करा, त्याचं उत्तर त्याला तिथेच मिळेल.