मुलीची कयाकिंगची वेळ सुधारायच्या ऐवजी वाढत चालली आहे. पुढचा हंगाम करावा का? (सोलापूर)

गणवेशवाली:

नमस्कार. माझी मुलगी १४ वर्षांची, नववीत आहे. पाच वर्षं पोहतेय, म्हणून मागच्या ऑक्टोबरात तिला इथल्या एका छोट्या कयाक क्लबात घातलं. आठवड्यातून चार दिवस पहाटे साडेपाचला गाडीवर मागे बसवून तुळजापूर रोडनं हिप्परगा तलावावर नेते, साडेसातपर्यंत काठावर थांबते आणि घरी येऊन मशीनवर बसते. शाळेचे गणवेश शिवायचं काम आहे माझं. जानेवारीपासून जूनपर्यंत मान वर करायला वेळ नसतो, तरी एकही दिवस चुकवलेला नाही.

क्लबात पंधरा दिवसांनी ५०० मीटरची शर्यत असते. तिच्या सगळ्या वेळा मी मापाच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवल्यात. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी ३ मिनिटं ५ सेकंद. जानेवारीत, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेआधी ३:०९. फेब्रुवारीच्या मध्यावर ३:१८. आजारपण नाही, वजन तेवढंच, सराव उलट वाढलेला. त्यानंतरच्या शर्यतीत तिला प्लास्टिकच्या रुंद बोटीतून काढून रेसिंगच्या के-वनमध्ये, म्हणजे एकट्यानं वल्हवायच्या अरुंद कयाकमध्ये बसवलं, तर शंभर मीटरच्या आतच उलटली. काठावर आली, टॉवेल डोक्यावर घेऊन बसली आणि म्हणाली, "आई, मी मागं मागं चाललेय."

ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

पुढच्या वर्षी दहावी. घरात सगळे म्हणतायत बंद कर. एवढ्या मेहनतीनंतर वेळ वाढत असेल तर हा खेळ तिचा नाही असं समजायचं का? जाणकारांनी खरं काय ते सांगावं.

लूमफिटर:

ताई, वही जपून ठेवा, पण त्या आकड्यांवरून मुलीचा निकाल लावू नका. मी त्याच तलावावर तीन हंगाम वल्हवतोय. वय ४४, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात लूम दुरुस्तीचं काम. तुमच्या मुलीला झालं ते मला पहिल्याच वर्षी झालं होतं.

माझ्या वेळा डिसेंबरात छान उतरल्या आणि जानेवारीच्या शेवटापासून चढायला लागल्या. मी सराव वाढवला. रात्रपाळी करून सरळ तलावावर जायचो. वेळ आणखी चढली. खांद्याला सूज आली तेव्हा थांबलो. विश्रांतीच्या आठवड्यात एका सकाळी नुसता बसलो होतो काठावर, तर एक म्हैस आमच्या चारशे मीटरच्या खुणेच्या जवळून चालत गेली. पोहत नव्हती, चालत होती. डिसेंबरात तिथं माझा सहा हाती बांबू तळाला लागत नव्हता.

दुसऱ्या दिवशी बांबूवर शिंप्याची टेप चिकटवली आणि बोटीतून सगळ्या शर्यतीची खोली मोजली. सुरुवातीला पावणेदोन मीटर, मध्ये सव्वा मीटर, शेवटच्या दीडशे मीटरमध्ये नव्वद सेंटिमीटर. उथळ पाण्यात बोट जड होते ताई. मागून कुणी धरल्यासारखी वाटते. नाक वर येतं, शेपूट खाली बसतं, आपण जोर लावू तितकी ती जास्त बसते. आमचं तळं तर दिवाळीनंतर रोज थोडं थोडं उतरतंच. शहराला पाणी जातं, शेतीला जातं, ऊन खातं. म्हणजे तुमची मुलगी डिसेंबरात एका तळ्यात पळाली आणि फेब्रुवारीत दुसऱ्याच.

आधी एक करा. त्याच रविवारच्या बाकीच्या मुलांच्या वेळा मिळवा. एकट्या तिची वेळ वाढली असेल तर वेगळा विचार करू. सगळ्यांची वाढली असेल तर पाण्यानं वाढवलीय.

आता उलटण्याबद्दल. के-वन ५ मीटर २० सेंटिमीटर लांब असते आणि नियमानं निदान १२ किलो वजनाची. पाण्यातला तिचा तळ गोल आणि अरुंद. प्लास्टिकच्या बोटीत तुम्ही बसता, के-वन तुम्ही अंगात घालता. पहिल्या आठवड्यात मी ११ वेळा पाण्यात गेलो, तेही नुसतं सरळ जाताना. शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा त्या बोटीत बसवणं मला अजिबात पटलं नाही. ती चूक मुलीची नाही. आधी तीन-चार आठवडे काठाला समांतर, कमरेएवढ्या पाण्यात, सीट अगदी खाली करून बसवायला हवं होतं. सीट दोन बोटं खाली आली तरी बोट शांत होते, वर गेली की चळते. फूटरेस्ट असं लावायचं की गुडघे थोडे दुमडलेले राहतील, कारण खरा जोर पायातून येतो. डावीकडे वल्हं मारताना डावा पाय दाबायचा, कंबर फिरवायची. पॅडल पायाच्या बोटांजवळ पाण्यात घालायचं आणि कमरेपाशी बाहेर काढायचं. कमरेच्या मागे ओढलं की बोट डुलते आणि नवीन माणूस तिथंच पडतो.

मला तोल कुणी शिकवला ते सांगतो. आमच्या बॅचमध्ये एक पोरगा होता, त्याच्या घरात गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज धरायची परंपरा. यात्रेआधी रात्री सराव करून पहाटे तलावावर यायचा. माझी धडपड बघून काठावरनं ओरडला, "हातानं काय सांभाळलालाव मामा? कंबर सैल सोडा, काठी आपोआप उभी ऱ्हाते!" तो नंदीध्वजाबद्दलच बोलत होता. एवढा उंच ध्वज कमरेच्या पट्ट्यावर पेलताना हात ताठ केले की काठी झुकते, कंबर तिच्याबरोबर हलली तर उभी राहते. मी त्या दिवशी खांदे सैल सोडले आणि बोटीला खालून हलू दिलं. वर मान स्थिर, खाली कंबर मोकळी. शनिवारी पहिल्यांदा पूर्ण ५०० मीटर कोरडा आलो. काठावर बसून त्याच्या डब्यातली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खाल्ली. तसा नाश्ता पुन्हा झाला नाही.

हंगामाच्या शेवटी पाच किलोमीटरची शर्यत होती. तेवीस जणांत मी एकोणिसावा. त्यात मला जे मिळालं ते ५०० मीटरमध्ये कधी मिळालं नव्हतं. दुसऱ्या वळणानंतर एका कॉलेजच्या मुलाच्या बोटीची लाट माझ्या बोटीच्या नाकाखाली आली आणि बोट एकदम हलकी झाली. पुढच्याच्या लाटेवर बसून जायला मिळालं तर कमी दमणूक होते हे ऐकलं होतं, अंगानं त्या दिवशी कळलं. दीड किलोमीटर मी त्याच्या बाजूला चिकटून गेलो. शेवटी त्याला म्हटलं, आता तू माझ्या लाटेवर ये. आला. दोघं बरोबर संपवलं. तुमच्या मुलीला पुढच्या हंगामात एकदा तरी लांब शर्यत करू द्या.

निवृत्त मास्तर, मेकॅनिकल:

लूमफिटर यांचं निरीक्षण गणितातही बसतं. उथळ पाण्यात लाटेला ठरावीक वेगाच्या पुढे जाता येत नाही. खोली मीटरमध्ये घ्या, ९.८ नं गुणा, वर्गमूळ काढा. एक मीटर खोलीला उत्तर येतं सेकंदाला सुमारे ३.१ मीटर. ८० सेंटिमीटरला २.८. तुमची मुलगी ३:०५ मध्ये ५०० मीटर जाते म्हणजे तिचा वेग २.७ आहे. बोट स्वतः तयार केलेल्या लाटेच्या वेगाजवळ पोचली की तिला त्या लाटेचा चढ चढत राहावं लागतं आणि पाण्याचा विरोध झपाट्यानं वाढतो. तीन मीटर खोलीत हीच मर्यादा ५.४ आहे, तिथं तिला काही जाणवणार नाही. यातून आणखी एक निघतं: जो जास्त वेगवान, त्याला उथळ पाण्याचा फटका जास्त. संथ मुलांच्या वेळा कमी बिघडलेल्या दिसतील.

पोहणं शिकवणारी:

वरचं सगळं मान्य, पण मी लाइफ जॅकेटपासून सुरुवात केली असती. ताई, मुलगी उलटली तेव्हा अंगात जॅकेट होतं का? जवळ दुसरी बोट होती का? २०२४ च्या मे महिन्यात उजनीत कुगाव ते कळाशी जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. आपल्या जिल्ह्यातल्या कुणालाच ते विसरून चालणार नाही. पाच वर्षांचं पोहणं टाइल्सच्या टाकीतलं आहे. तलावात गाळ असतो, वेली असतात, बूट घातलेले असतात. बोट उलटल्यावर बोट सोडायची नाही, पॅडल हातात ठेवायचं आणि बोटीला धरून पाय मारत काठाकडे यायचं, हे निदान दहा वेळा मुद्दाम करून घ्या. एप्रिल-मे मध्ये दुपारनंतर आभाळ भरून आलं की पाण्यावर जायचंच नाही, प्रशिक्षक कितीही म्हणोत.

आणि के-वनबद्दल माझं मत लूमफिटरदादांपेक्षा कडक आहे. वाढत्या वयातल्या मुलीला आणखी एक अख्खा हंगाम रुंद बोटीत काढू द्या. तंत्र तिथंच पक्कं होतं. घाबरलेलं अंग चुकीच्या सवयी धरतं आणि त्या मोडायला दोन वर्षं जातात.

लूमफिटर:

जॅकेटचं मी आधी लिहायला हवं होतं, तुम्ही लिहिलंत ते बरं केलं. बोटीबद्दल मात्र माझा अनुभव वेगळा आहे. रुंद बोटीत जास्त दिवस राहिलो म्हणून मला हातानं ओढायची सवय लागली, कारण ती बोट चूक पोटात घालते. आठवड्यातला एक दिवस के-वन, तीन दिवस रुंद बोट, असं मी करेन. दोन्ही ठिकाणी शर्यतीची घाई नको.

गणवेशवाली:

सगळ्यांचे आभार. जॅकेट होतं. बचावाची बोट होती, पण काठाला बांधलेली. ते मी बोलून घेतलंय, आता शर्यत सुरू व्हायच्या आधी ती पाण्यात असेल.

आणखी दोन प्रश्न. आता पाणी आणखी उतरणार, मग पावसाळ्यापर्यंत काय करायचं? आणि स्वतःची बोट घ्या असं काही पालक सुचवतायत. मला ते झेपणारं नाही, पण त्यावाचून ती मागे पडणार असेल तर कर्ज काढायचीही तयारी आहे.

लूमफिटर:

कर्ज काढू नका. १४ व्या वर्षी घेतलेली बोट १६ व्या वर्षी वजनाला बसत नाही. क्लबची बोट वापरा. घ्यायचंच असेल तर तिच्या उंचीला जमेल असं चांगलं पॅडल घ्या, ते बरेच दिवस चालतं.

उन्हाळ्यात पाण्याचा मोह सोडा. आपल्याकडे पारा ४२-४३ वर जातो, सकाळी आठलाच तळं तापतं, गाळ वर येतो. पोहणं चालू ठेवा, दोरीवरच्या उड्या, पुल-अप, पळणं. मी कारखान्यातल्या जुन्या स्टुलावर बसून, पाय भिंतीला लावून, बांबू हातात घेऊन रोज वीस मिनिटं नुसती कंबर फिरवायचो. मागून कुणी बघितलं तर खांदे फिरताना दिसले पाहिजेत, कोपर नव्हे. आपल्याकडचा मोठा पाऊस सप्टेंबरात येतो. तळं भरलं की ऑक्टोबरात नव्यानं सुरुवात. दहावी असेल तर आठवड्यातून दोनच दिवस, पण ते दोन दिवस सोडू नका.

तिला दोन नावं सांगा. २०२३ मध्ये हांगझोऊच्या एशियाडमध्ये अर्जुन सिंग आणि सुनील सिंग सलाम यांनी कनूच्या दुहेरी १००० मीटरमध्ये कांस्य आणलं. त्याआधीचं आपलं पदक १९९४ चं होतं. आणि प्राची यादव. ग्वाल्हेरची, पायात ताकद नाही, भोपाळच्या तलावात सराव करून हांगझोऊच्याच पॅरा एशियाडमध्ये सुवर्ण जिंकली. मी वर पायातून जोर येतो म्हणून एवढं लिहिलं, आणि ही मुलगी कंबर आणि खांद्यांवर बोट काढते. तिचे व्हिडिओ मुलीबरोबर बसून बघा.

गणवेशवाली:

काल रविवारी आम्ही दोघी बांबू घेऊन गेलो. टेप माझ्या मशीनवरचीच. तिनं बोटीतून मोजलं, मी काठावर आकडे लिहिले. दोनशे मीटरला एक मीटर दहा. तीनशेला पंच्याण्णव सेंटिमीटर. चारशेला अठ्ठ्याहत्तर. ती तिथनंच ओरडली, "आई, इथं माझं पॅडल गाळाला लागतं!"

बाकीच्या मुलांच्या वेळाही मिळाल्या. डिसेंबर ते फेब्रुवारी, सगळ्या नऊ जणांच्या वाढल्यात. सगळ्यात पुढे असणाऱ्या मुलाची २१ सेकंदांनी, हिची १३ नी. डिसेंबरात ही नवांत सातवी होती, फेब्रुवारीच्या मध्यावर पाचवी. मी नंबर कधी लिहिलाच नव्हता, नुसती वेळ लिहीत होते.

घरी आल्यावर तिनं वही मागून घेतली, पट्टीनं रेघा मारल्या. तारीख, वेळ, नंबर, वारा, खोली. शेवटचा रकाना तिनं लाल पेननं आखलाय.